१५ मार्चचे पुष्कळ झाले, १७ मार्चचे बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याच्या खुनावर लेख आला आणि त्यावर वाचकांच्या पत्रांची झोड उठली. मी सगळी पत्रे वाचली. पक्ष दोनच. लेखकमहाशयांच्या मते सीझरला मारणाऱ्यांचा म्होरक्या मार्कस ब्रूटस म्हणजे स्वातंत्र्याचा शेवटचा पहारेकरी. पत्रलेखकांपैकी बऱ्याच जणांच्या मते सीझर म्हणजे गोरगरिबांचा वाली आणि त्याला मारणारे पोटदुखे सरदार. माझी उभी हयात सरकारी वकील म्हणून खुनाचे खटले चालवण्यात गेली. त्या सवयीमुळे मेलेला माणूस देव होता की दानव, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारतो. आधी पाहतो ते मारणाऱ्याचे वागणे. खुनाआधीचे पाहतो आणि त्याहून बारकाईने खुनानंतरचे. खुनानंतरच्या दोन दिवसांत माणूस काय करतो, यात त्याचा खरा हेतू जितका उघडा पडतो तितका कुठल्याही जबानीत पडत नाही.

म्हणून तक्रार अशी की, तुमच्याकडे आलेल्या इतक्या मजकुरात इसवी सनापूर्वी ४४ मधल्या १५ मार्चचे, म्हणजे खुनाच्या दिवसाचे, रसभरीत वर्णन सगळ्यांनी केले, पण १७ मार्चचा उल्लेख एकानेही केला नाही. माझ्या मते या खुनाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि त्याचा पुरावा १७ मार्चला आहे. (यापुढची साले इसवी सनापूर्वीची समजावीत. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच झाली तर ती दुसरीकडे कुठेही लावा, १७ मार्चला लावू नका.)

आधी सीझरच्या भक्तांशी दोन शब्द. त्याच्यावरचे आरोप खोटे होते असे कोणी समजू नये. दोषारोपपत्र माझ्याकडे आले असते तर मी ते आणखी कडक केले असते. रोममध्ये डिक्टेटर हे कायदेशीर पद होते. संकटकाळी नेमायचे, मुदत फार तर सहा महिने. सीझरने ते ४९ मध्ये ११ दिवसांपुरते घेतले, ४६ मध्ये दहा वर्षांसाठी घेतले आणि ४४ च्या फेब्रुवारीपर्यंत ते तहहयात झाले. त्याच्याआधीचा डिक्टेटर सुल्ला याने रक्ताचे पाट वाहवले होते, पण निदान तो पदावरून स्वतःहून उतरला. सीझर त्यावर म्हणाल्याचे सांगतात की, सुल्लाला राजकारणाची मुळाक्षरेसुद्धा येत नव्हती.

निवडणुका होत होत्या, पण निम्म्या जागांसाठी सीझरच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या आधी फिरत. ४५ च्या ३१ डिसेंबरला एक कॉन्सल (दरवर्षी निवडायच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) वारला, तर उरलेल्या काही तासांसाठी सीझरने कॅनिनियस रेबिलस नावाच्या माणसाला कॉन्सल करून टाकले. वक्ता आणि सिनेटर सिसेरो याने पत्रात लिहिले की या कॉन्सलच्या कारकिर्दीत रोममध्ये कोणी जेवले नाही, आणि पठ्ठ्या इतका दक्ष की पदावर असेतो त्याने डोळ्याला डोळा लावला नाही. वाचून हसू येते. पण ज्या पदासाठी रोमची घराणी पिढ्यान् पिढ्या झटत, त्याची ही किंमत झाली होती.

मला मात्र सर्वांत जास्त खटकते ते सिसेरोच्याच दुसऱ्या एका पत्रातले. पेटस या मित्राला तो ४६ मध्ये लिहितो की सिनेटच्या ठरावांवर साक्षीदार म्हणून माझे नाव घातले जाते, आणि माझ्या सूचनेवरून झालेला ठराव आर्मेनिया-सीरियाला पोहोचल्याचे मला आधी कळते, असा विषय निघाला होता हे नंतर. जगाच्या टोकाकडच्या राजांची आभाराची पत्रे येतात, तुमच्यामुळे आम्हाला राजा ही पदवी मिळाली म्हणून. हे राजे जन्माला आलेत हेही त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. ज्याने आयुष्यभर दस्तऐवज हाताळले त्याला विचारा, याला काय म्हणतात. जी सभा भरलीच नाही तिचे इतिवृत्त लिहिले जात होते.

आणि ते दोन ट्रिब्यून (जनतेच्या हक्कांचे रक्षक अधिकारी), फ्लेव्हस आणि मॅरुलस. सीझरच्या पुतळ्यावर कोणी राजचिन्हाची फीत बांधली, ती त्यांनी काढवली. सीझरला ‘राजा’ म्हणून ओरडणाऱ्यांना पकडले. सीझरने त्या दोघांनाच पदावरून काढले. ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडताना याच सीझरची एक मोठी तक्रार होती की सिनेटने ट्रिब्यूनांचा अवमान केला! पुढच्या कॉन्सल निवडणुकीत काही मतदारांनी या दोन बडतर्फ माणसांना मते दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोरगरिबांचा वाली म्हणाल, तर कागद दोन्ही बाजूंनी बोलतात. रोममध्ये २,००० सेस्टर्स (रोमचे नाणे) पर्यंतचे आणि इटलीत इतरत्र ५०० पर्यंतचे एका वर्षाचे घरभाडे त्याने माफ केले. ८०,००० नागरिकांना समुद्रापलीकडे वसाहती दिल्या. पण फुकट धान्य घेणाऱ्यांची यादीही त्यानेच ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली. गॉलबद्दल, म्हणजे त्याने जिंकलेल्या आजच्या फ्रान्सकडच्या मुलखाबद्दल, तर न बोललेलेच बरे. तिथला युक्सेल्लोडुनमचा किल्ला पडल्यावर, ज्यांनी हत्यार धरले त्यांचे हात त्याने तोडवले आणि त्यांना जिवंत सोडले, लोकांनी पाहावे म्हणून.

गॉलचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कटवाल्यांच्या तोंडी गॉलचे नावही नाही. कसे असेल? डेसिमस ब्रूटसने (हा मार्कस ब्रूटसहून वेगळा) तिथे सीझरचे आरमार चालवले होते, ट्रेबोनियस आणि गाल्बा तिथे त्याचे सेनानी होते. तिघेही १५ मार्चच्या कटात आहेत. गॉलमधल्या माणसांना मारल्याचा आरोप ठेवायचा तर आरोपीच्या पिंजऱ्यात गर्दी झाली असती.

तर आरोप एकच उरतो, राजा होऊ पाहण्याचा. आणि तो आरोप रोममध्ये साधा नव्हता. ५०९ मध्ये टार्क्विन राजाला हाकलून प्रजासत्ताक आले, तेव्हा त्या वेळचा कॉन्सल पुब्लिकोला याने केलेला एक कायदा परंपरेने सांगितला जातो. जो राजा होऊ पाहील त्याला खटल्याशिवाय मारायला हरकत नाही. ब्रूटसची बाजू मांडणारे, आपले लेखकमहाशयही, या कायद्यावर उभे राहतात. ठीक आहे. मीही तिथेच उभा राहतो. खटला का चालवला नाही, असे मी विचारणार नाही. डिक्टेटरला कोर्टात खेचायला कोर्ट उघडे कुठे होते? ट्रिब्यूनांची काय गत झाली ते वर सांगितलेच. त्यात १८ मार्चला सीझर पूर्वेकडच्या पार्थियाच्या स्वारीवर निघणार होता. एकदा तो सैन्यात जाऊन बसला की त्याच्या जवळ जाणे अशक्य. मागे कोणी कॉन्सल व्हायचे हेही त्याने पुढच्या वर्षांसाठी ठरवून ठेवले होते. दुसरा मार्ग नव्हता, हा बचाव मी मान्य करतो. पुतळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून आणि बडतर्फ माणसांना मते देऊन डिक्टेटर जात नाही.

पण कायदा वाचायचा तर शेवटपर्यंत वाचावा. चरित्रकार प्लुटार्कने त्याची पुढची अट दिली आहे. मारणारा रक्तदोषातून सुटतो, पण केव्हा? मेलेला खरोखर राजा होऊ पाहत होता याचा पुरावा त्याने हजर केला तर. म्हणजे खटला टळत नाही, मागाहून होतो. आधी शिक्षा, नंतर खटला, आणि शाबितीचा सगळा बोजा मारणाऱ्यावर. हत्यार उचलायची मुभा देणाऱ्या कायद्यानेच हत्यार उचलणाऱ्याला कोर्टापुढे यायला सांगितले होते. सहाव्या शतकातल्या त्या आडदांड गावाला हे शहाणपण सुचले, याचे मला अजून नवल वाटते.

आता १५ मार्च झटपट. नेहमीचे सिनेटगृह वापरात नव्हते, म्हणून सभा पॉम्पीच्या नाट्यगृहालगतच्या दालनात. टिलियस सिंबर हद्दपार भावासाठी अर्ज घेऊन पुढे आला, त्याने सीझरचा झगा ओढला, कॅस्काने पहिला वार केला. ट्रेबोनियसने सीझरचा सहकारी कॉन्सल अँटनी याला बाहेर बोलण्यात गुंतवून ठेवले होते. कटात साठाहून अधिक माणसे, अंगावर २३ जखमा. अँटिस्टियस नावाच्या वैद्याने शव पाहून सांगितले की छातीवरची दुसरी जखम तेवढी प्राणघातक होती. शेक्सपिअरच्या नाटकातले ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ हे प्रसिद्ध वाक्य चरित्रकार सुएटोनियसच्या कथनात नाही. त्याच्या मते सीझर पहिल्या घावाला कण्हला आणि मग एक शब्द बोलला नाही. काही जण म्हणतात तो ब्रूटसला ग्रीक भाषेत ‘बाळा, तूसुद्धा?’ म्हणाला, असे तो पुढे जोडतो, पण अंगावर घेत नाही. ऐकीव पुरावा.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. या सिनेटरांनी सीझरच्या जिवाचे रक्षण करण्याची शपथ घेतलेली होती. ४६ मध्ये भर सिनेटमध्ये सिसेरो सीझरला म्हणाला होता की आम्ही आमच्या देहांची ढाल करू. सीझरने त्यानंतर आपले स्पॅनिश अंगरक्षकही काढून टाकले. निःशस्त्र माणसाला शपथ घेऊन मारणे याला कायद्यात काही म्हणा, माझ्या अनुभवात अशा आरोपींचे वकीलसुद्धा तेवढ्या मुद्द्यावर आवाज खाली आणतात.

पुढे जाण्याआधी ब्रूटसच्या चारित्र्याचा दाखला. लेखकमहाशयांनी त्याला ‘निष्कलंक’ म्हटले आहे, म्हणून ही उलटतपासणी. सायप्रसमधल्या सॅलॅमिस या शहराने कर्ज घेतले होते. कर्ज कागदोपत्री स्कॅप्टियस आणि मॅटिनियस या दोघांच्या नावावर. व्याज दरमहा ४ टक्के, म्हणजे वर्षाला ४८. सायप्रस ज्यात मोडे त्या सिलिशिया प्रांताच्या त्या वेळच्या सुभेदाराने, जो ब्रूटसचा सासरा होता, स्कॅप्टियसला वसुलीसाठी घोडेस्वार दिले. त्याने सॅलॅमिसच्या नगरसभेला तिच्याच सभागृहात कोंडले. त्यात पाच सभासद उपासमारीने मेले. ५१ मध्ये सिसेरो तिथे सुभेदार म्हणून आला. त्याने घोडेस्वार माघारी बोलावले आणि आपल्या जाहीरनाम्याप्रमाणे व्याज १२ टक्के ठरवले. शहर पैसे मोजायला तयार झाले. स्कॅप्टियस घेईना. आणि मग ब्रूटसचे पत्र आले आणि उघड झाले की पैसे मुळात ब्रूटसचे आहेत.

पाच माणसे. सभागृहात बसलेली, आपल्या शहराचा कारभार पाहणारी. सभागृहात बसलेल्या माणसाच्या जिवाचे मोल ब्रूटसला १५ मार्चच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. सिसेरोने, ब्रूटसचा मित्र असूनही, हे सगळे आपला स्नेही अॅटिकस याला सविस्तर लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळले. मात्र अखेरचा निकाल त्यानेही दिला नाही, प्रकरण लोंबकळत ठेवून तो परत गेला. मित्राच्या अशिलाविरुद्ध निकाल देण्याचे टाळणारे मी पाहिले आहेत. सिसेरो त्यांतला सर्वांत चांगला लिहिणारा, एवढेच.

चारित्र्य वाईट म्हणून खून शाबित होत नाही, हे मला कळते. सॅलॅमिस मी फक्त ‘निष्कलंक’ हे विशेषण खोडायला आणले.

आता १७ मार्च.

मारेकरी कॅपिटोल टेकडीवर ग्लॅडिएटरांच्या पहाऱ्यात बसलेले. लोक त्यांच्या भाषणांना म्हणावे तसे भुललेले नाहीत. सीझरचा सेनानी लेपिडस सैनिक घेऊन चौकात. अँटनी कॉन्सल या नात्याने टेलस देवीच्या मंदिरात सिनेट भरवतो. मारेकऱ्यांना बोलावणे गेले, ते आले नाहीत. पण त्यांचे मित्र आले, आणि त्यांनी हवा तोच मुद्दा काढला. सीझर जुलमी होता असे जाहीर करा, मारणाऱ्यांना बक्षीस द्या, निदान आभार माना.

माझ्या दृष्टीने तो खटल्याचा क्षण होता. पुब्लिकोलाच्या कायद्याची अट पुरी करायची जागा तीच, वेळ तीच. फीत बांधलेला पुतळा, लुपरकालियाच्या सणाला अँटनीने भर चौकात पुढे केलेला राजमुकुट, सिनेटर समोर आले असता बसून राहिलेला सीझर, खोटे ठराव, सगळे साक्षीदार त्या मंदिरात हजर होते. सिसेरोसारखा वक्ता हजर होता. असा खटला चालवायला मिळावा म्हणून वकील जन्मभर वाट पाहतो.

अँटनी, ज्याला आपण सगळे दारूबाज सरदार म्हणून ओळखतो, उठला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. इतिहासकार अॅपियनने तो दिला आहे. सीझर जुलमी होता असे ठरवा, जरूर ठरवा. पण मग त्याच्या सगळ्या नेमणुका रद्द होतील. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण त्याच्या हुकमाने पदावर आहेत, काहींना पुढच्या वर्षांसाठी पदे मिळालेली आहेत. तुम्ही ती सोडून पुन्हा निवडणुकीला उभे राहणार का? तेवढे आधी सांगा.

आणि मंदिरात गोंधळ उडाला. जे घटकेपूर्वी जुलमी-जुलमी म्हणत होते ते ओरडू लागले की आम्ही पुन्हा निवडणूक लढवणार नाही, हाती आहे ते सोडणार नाही. त्यांत डोलाबेला होता. खून झाल्याबरोबर त्याने सीझरने देऊ केलेले कॉन्सलपद अंगावर चढवले होते आणि मारेकऱ्यांची स्तुतीही केली होती. आता तो सीझरच्या हुकमांचा कैवारी झाला.

ठराव काय झाला? खुनाबद्दल कोणावर कारवाई नाही, ही माफी सिसेरोने पुढे केली. आणि त्याच बैठकीत सीझरचे सगळे हुकूम कायम. म्हणजे सीझर जुलमी नव्हता, आणि त्याला मारणारे गुन्हेगार नव्हते. दोन्ही विधाने एकाच दिवशी, एकाच सभेत. वकिलीच्या पहिल्या वर्षातला पोऱ्यासुद्धा सांगेल की माफी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. माफी ज्याला मिळते त्याचा गुन्हा गृहीत धरलेला असतो.

आता कटवाल्यांच्या हाती काय आले ते पाहा. डेसिमस ब्रूटसला आल्प्सच्या अलीकडचा गॉल प्रांत, शिवाय ४२ चे कॉन्सलपद ठरलेले. ट्रेबोनियसला आशिया. टिलियस सिंबरला बिथिनिया. मार्कस ब्रूटस रोमचा नगर-प्रीटर (न्यायाधिकारी), कटाचा दुसरा म्होरक्या कॅशियस परदेशीयांच्या दाव्यांचा प्रीटर. हे सगळे कोणी दिले? ज्याला त्यांनी राजा होऊ पाहणारा म्हणून मारले त्यानेच. यादवीत सीझरने जिंकलेल्या फार्सॅलसच्या लढाईनंतर विरुद्ध बाजूच्या ब्रूटसला आणि कॅशियसला माफीही त्यानेच दिली होती. इतर लोक त्या दिवशी ओरडले, ब्रूटस आणि कॅशियस ओरडले नाहीत, ते टेकडीवर होते, हा बचाव मला ठाऊक आहे. पण ठराव त्यांना पोहोचला. त्यांनी तो नाकारला नाही. अँटनीने मुलाला ओलीस म्हणून वर पाठवले, हे खाली उतरले, आणि त्या रात्री कॅशियस अँटनीकडे जेवला, ब्रूटस लेपिडसकडे.

एखाद्याने उठून एवढेच म्हटले असते की ‘मी प्रीटर नाही, कारण मला नेमणारा डिक्टेटर बेकायदा होता’, तर हे पत्र मी लिहिले नसते. साठाहून अधिक जणांपैकी असा एक माणूस मला सापडत नाही. जो त्यातल्या त्यात जवळ येतो तो पाँटियस अक्विला. सीझरच्या स्पेनच्या विजययात्रेत, ट्रिब्यून असताना, तो एकटा जागेवर बसून राहिला होता. सीझर खवळून म्हणाला, ‘अक्विला, घे की मग माझ्याकडून प्रजासत्ताक परत’, आणि पुढे कित्येक दिवस कोणालाही काही आश्वासन देताना ‘पाँटियस अक्विलाची परवानगी असेल तर’ असे टोमणे मारत राहिला. अक्विलाने नंतर सुरा उचलला. मला विचाराल तर त्याचे ते बसून राहणे सुऱ्यापेक्षा धाडसाचे होते. सुऱ्याच्या वेळी साठ जण सोबत होते.

सुएटोनियस आणखी एक धागा देतो, तो मोलाचा आहे. कटवाल्यांचा मूळ बेत काय होता? प्रेत ओढत नेऊन टायबर नदीत टाकायचे, मालमत्ता जप्त करायची आणि सीझरचे सगळे हुकूम रद्द करायचे. म्हणजे काय करायला हवे होते ते त्यांना कळत होते. अँटनी आणि लेपिडस यांच्या भीतीने त्यांनी तो बेत सोडला. हुकूम रद्द करायचे ठरवून मारणे, आणि मारून झाल्यावर हुकूम तसेच राहू देऊन आपापल्या जागी बसणे, या दोहोंत जे अंतर आहे तेच न्याय्य वध आणि खून यांतले अंतर आहे. निर्घृण वाटेल, पण त्यांनी मूळ बेत पार पाडला असता, त्यात स्वतःची पदे गमावली असती, प्रसंगी जीव गमावला असता, तर मी त्यांचे वकीलपत्र घेतले असते.

सिसेरोलाही हे लवकरच उमगले. महिन्याभरातच तो अॅटिकसला लिहू लागला की जुलमी गेला पण जुलूम जिवंत आहे. ज्याची गुलामी सोसवली नाही त्याच्या टिपणवह्यांचे आता आपण हुकूम पाळतो आहोत. कारण अँटनी सीझरच्या कागदांतून रोज नवा हुकूम काढू लागला होता. सिसिलीला नागरिकत्व, गॅलेशियाचा राजा डिओटॅरस याला राज्य परत. हे कागद खरे की बनावट, विचारणार कोण? सीझरचे सगळे हुकूम सिनेटने स्वतःच कायम केले होते. मर्दाची छाती आणि पोराची अक्कल, असे कटवाल्यांचे वर्णन सिसेरोने केले. माफीचा प्रस्ताव कोणाचा होता, हे तो त्या पत्रांत फारसे आठवत नाही.

काही पत्रलेखकांनी पुढच्या रक्तपाताचा हिशेब ब्रूटसच्या खात्यावर मांडला आहे. ४३ मधल्या त्या मृत्यूच्या याद्या, ज्यात अॅपियनच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ३०० सिनेटर आणि २,००० सरदार होते. ७ डिसेंबरला मारलेला सिसेरो. मग फिलिपीची लढाई, आणि शेवटी २७ मध्ये सम्राट झालेला ऑगस्टस (पूर्वीचा ऑक्टेव्हियन). हा युक्तिवाद मला मान्य नाही. याद्या अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी केल्या, सह्या त्यांच्या आहेत. एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला फाशी देता येत नाही. खून वाईट होता तो त्यानंतर वाईट झाले म्हणून नव्हे. उद्या अँटनी घोड्यावरून पडून मेला असता आणि प्रजासत्ताक आणखी शंभर वर्षे चालले असते, तरी १७ मार्चला जे झाले ते झालेच होते.

माझ्या मते त्या वर्षीचे सर्वांत सरळ बोलणे गायस मॅटियसचे आहे. त्याचे नाव कोणाच्या पत्रात आले नाही. तो सीझरचा मित्र. सीझरच्या कायद्याने त्याचे स्वतःचे आर्थिक नुकसान झाले होते, यादवीही त्याला नको होती, पद त्याने घेतले नाही. खुनानंतर तो उघडपणे दुःख करतो म्हणून लोक बोलू लागले, तेव्हा त्याने सिसेरोला पत्र लिहिले. त्याचा आशय असा की भिण्याचे, हसण्याचे, रडण्याचे स्वातंत्र्य गुलामांनासुद्धा आपापल्या मनाप्रमाणे असते. स्वातंत्र्य देणारे म्हणवणारे हे लोक तेवढेही माझ्याकडून धाक दाखवून काढून घेऊ पाहताहेत. सीझरच्या मृत्यूतून ज्याला काही मिळवायचे नव्हते आणि त्याच्या आयुष्यातूनही ज्याने काही उपटले नव्हते, अशा साक्षीदाराची साक्ष मी तरी सगळ्यांच्या वर ठेवीन.

सीझरने स्वतःचा चेहरा नाण्यांवर छापला, हा लेखात सीझरविरुद्धचा मोठा मुद्दा केला आहे. बरोबर आहे. जिवंत माणसाचे तोंड रोमच्या नाण्यावर येणे हे राजांचे लक्षण. आता ४२ मधले ब्रूटसचे नाणे बघा. एका बाजूला दोन सुरे, मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची टोपी, खाली १५ मार्चची तारीख. ही बाजू लेखासोबत छापली आहे. नाणे उलटे करून दुसरी बाजूही छापायला हवी होती. तिथे ब्रूटसचा चेहरा आहे.

शेवटी लेखकमहाशयांना एक प्रश्न विचारतो. उत्तर आपल्याच स्तंभातून द्यावे. ४४ च्या जुलैत रोममध्ये अपोलोचे खेळ झाले. नगर-प्रीटर म्हणून ते भरवण्याची जबाबदारी ब्रूटसची होती. जिवाच्या भीतीने तो शहराबाहेर होता, पण खेळ त्याच्याच नावाने आणि खर्चाने झाले. खेळांच्या जाहिरातीत महिन्याचे जुने नाव क्विंटिलिस न घालता सीझरवरून ठेवलेले ‘जुलै’ हे नाव घातले गेले, आणि ब्रूटसला ते फार लागले, असे सिसेरो लिहितो. महिन्याचे नाव त्याला बोचले. तो त्या महिन्यात कोणाच्या नेमणुकीवर प्रीटर होता?

आपला,
एक निवृत्त सरकारी वकील